अफेजियाच्या पेशंटला वेडं किंवा बहिरं समजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत स्ट्रोकवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला पॅरालिसिसचा झटका म्हणतात त्यावर चांगला मोठा लेख आला होता. साडेचार तासांच्या आत पेशंटला पोचवा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, बीपी शुगर सांभाळा, सगळं बरोबर आणि गरजेचं होतं. पण बोलण्याबद्दल त्यात एकच वाक्य होतं, 'पेशंटच्या बोलण्यावर परिणाम होऊ शकतो', आणि पुढे लगेच फिजिओथेरपी सुरू. स्ट्रोक झालेल्या साधारण तीनातल्या एकाला सुरुवातीला अफेजिया म्हणजे वाचाघात होतो, त्यातल्या बऱ्याच जणांना तो पुढे कायम राहतो, आणि घरच्यांना दवाखान्यातून निघताना एवढंच सांगितलेलं असतं की 'बोलणं येईल हळूहळू'. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

आमचे वडील, अण्णा, यांचं कराडला किराणा दुकान होतं, आयुष्य गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलं. डाव्या मेंदूत गुठळी झाली, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, त्यामुळे उजवं अंग आणि वाचा एकदम जाताना दिसतात. हात परत यावा म्हणून काय करायचं ते आम्हाला चार जणांनी सांगितलं. बोलण्याचं कोणीच नीट सांगितलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलण्यातलं नेमकं काय बिघडलंय हे कोणी बघितलंच नाही. 'बोलता येत नाही' हा एकच आजार आहे असं सगळे धरून चालतात. तसं नाहीये.

आपण चष्मा मागतो तेव्हा डोक्यात काय काय होतं बघा. आधी ती वस्तू, तिचा उपयोग, म्हणजे अर्थ डोक्यात येतो. मग त्या अर्थाचा शब्द सापडावा लागतो. मग त्या शब्दातले आवाज एकामागे एक योग्य क्रमाने लागावे लागतात, आणि मग जीभ आणि ओठ ते म्हणतात. ऐकताना हेच उलट्या बाजूने, आवाज ओळखायचे, त्यावरून शब्द, शब्दावरून अर्थ. स्ट्रोकमुळे यातली कुठली पायरी मोडली त्यावर चूक कशी होणार ते ठरतं. अण्णा चष्मा मागताना कधी 'चश्पा', 'चमशा' म्हणतात. इथे शब्द बरोबर सापडलाय, आवाज चुकले. कधी चष्मा मागताना 'घड्याळ' म्हणतात, स्पष्ट, एकही अक्षर इकडेतिकडे नाही. इथे आवाज बरोबर आहेत पण अर्थाच्या शेजारचा शब्द आला. मावशीला आत्या म्हणणं, पाचशेच्या नोटेला दोनशे म्हणणं, भाकरीला पोळी म्हणणं हे सगळं या दुसऱ्या प्रकारातलं. आणि सगळ्यात घातक म्हणजे हो आणि नाहीची अदलाबदल. डॉक्टर विचारतात छातीत दुखतंय का, ते 'हो' म्हणतात आणि मान नकारार्थी हलवतात, आता केस पेपरवर काय लिहिलं जाणार? त्यामुळे अशा पेशंटला हो-नाही विचारताना अंगठा वर करून किंवा हात लावून दाखवायला सांगा, नुसत्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. ही गोष्ट प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे असं मला वाटतं.

अण्णांना स्वतःची चूक लगेच कळते. 'चमशा' म्हटलं की कपाळावर हात मारतात, परत प्रयत्न करतात, चश, चश्प, चष्मा, असं करत करत पोचतात. आणि तरी बघायला येणारी माणसं त्यांच्यासमोरच आम्हाला विचारतात, 'यांना कळतं का हो काही?' त्यांना सगळं कळतं. दुकानाची उधारीची वही त्यांनी पुढे ठेवली आणि कोणाचे पैसे राहिलेत तिथे बोट ठेवलं. बुद्धी वेगळी आणि शब्द वेगळे, हे आपल्या समाजाला अजून पटलेलं नाही.

दुसरा गैरसमज पाढ्यांचा. अण्णा बे एके बे पासून तिसाच्या पाढ्यापर्यंत न अडखळता म्हणतात, आरती पूर्ण म्हणतात, रागावले की शिवीसुद्धा खणखणीत येते, पण समोर ठेवलेल्या तांब्याचं नाव येत नाही. नातेवाईक म्हणतात, आरती येते मग बोलायला काय होतं, मुद्दाम करतायत. मुद्दाम नाही करत हो. वर्षानुवर्षं तोंडात बसलेली ओळ आपोआप चालू होते, तिथे अर्थावरून शब्द शोधायचा नसतो. तांब्या म्हणायचं तर शब्द शोधून आणावा लागतो, आणि नेमकं तेच काम अडलंय. चालीचा असा उपयोग करून घेणारी थेरपी १९७३ पासून आहे, ज्यांचं ऐकून समजणं बऱ्यापैकी शाबूत आहे पण बोलणं अडतं अशांना छोटी वाक्यं सुरात म्हणायला लावतात आणि मग हळूहळू सूर कमी करत जातात. प्रत्येकाला लागू पडते असं नाही पण तुमच्या स्पीच थेरपिस्टला जरूर विचारा.

आता दुसरी बाजू. फिजिओथेरपीला जायचो त्याच दवाखान्यात एक काकू यायच्या, हातपाय ठणठणीत, बोलणं तर धबाधबा, चढउतार अगदी नेहमीचे, लांबून ऐकलं तर वाटावं गप्पा चालल्यात. जवळ गेलं की काहीच लागत नाही. 'ते मी काल करपीचं घेतलं ना, मग ती वाटी आली आणि सगळं तळवून दिलं' असं काहीतरी, मधे मधे असे शब्द जे मराठीत नाहीतच. आणि आपण बोललेलं त्यांना समजायचं नाही. मुख्य म्हणजे आपलं बोलणं समोरच्याला कळत नाहीये हे त्यांच्या लक्षात यायचं नाही, त्यामुळे त्या चिडायच्या. यांच्या घरच्यांना आधी वाटलं डोक्यावर परिणाम झाला, कोणीतरी बाहेरचं बघायला सांगितलं, मग वाटलं ऐकू येत नाही म्हणून कानाचं मशीन घेतलं, भरपूर पैसे गेले. कान चांगलेच होते. दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली की त्या वळून बघायच्या. त्यांच्या डोक्यात बिघडलं होतं ते ऐकलेल्या आवाजातून शब्द आणि शब्दातून अर्थ गाठण्याचं काम.

हे दोन प्रकार डॉक्टरांना दीडशे वर्षांपासून माहीत आहेत हो. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात लेबोर्न नावाचा माणूस वर्षानुवर्षं होता, काहीही विचारलं तरी 'तां' एवढंच म्हणायचा, पण त्याला समजत होतं बरंच. १८६१ साली तो गेल्यावर पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला पुढच्या भागात नुकसान दाखवून दिलं. आणि १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने, वय अवघं सव्वीस, काकूंसारख्या पेशंटांबद्दल लिहिलं, बोलणं भरपूर पण समजणं गेलेलं, आणि नुकसान डाव्या मेंदूत, कानाच्या वरच्या मागच्या भागात. म्हणून पहिल्याला ब्रोकाचा आणि दुसऱ्याला वेर्निकेचा अफेजिया म्हणतात. खरे पेशंट या दोन कप्प्यांत व्यवस्थित बसत नाहीत, आमचे अण्णासुद्धा पूर्ण बसत नाहीत, पण निदान दोन कप्पे आहेत एवढं तरी घरच्यांना कळायला नको का?

बराच काळ असं मानलं जायचं की काकूंसारख्या लोकांना अर्थच उरलेला नसतो आणि अण्णांसारख्यांचा फक्त बोलण्याचा प्रॉब्लेम असतो. मग अमेरिकेत शीला ब्लूमस्टीन आणि विल्यम मिलबर्ग या संशोधकांनी १९८१ पासून जे प्रयोग केले ते मला वाचताना फार महत्त्वाचे वाटले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पेशंटला एक शब्द द्यायचा, लगेच दुसरा द्यायचा, आणि फक्त विचारायचं की दुसरा खरा शब्द आहे का बनावट. आपण निरोगी माणसं आधी 'मांजर' ऐकलं असेल तर 'कुत्रा' लवकर ओळखतो, कारण एक शब्द जागा झाला की त्याच्या अर्थाचे नातेवाईकही अर्धे जागे होतात. गंमत अशी की (खरं तर गंमत नाही, फार मोठी गोष्ट आहे) वेर्निकेच्या पेशंटांमध्येही हा परिणाम दिसला. या दोन शब्दांचा काही संबंध आहे का असं सरळ विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही, पण उत्तराचा वेग सांगत होता की आत अर्थाचं जाळं जिवंत आहे. म्हणजे काकूंच्या आत अर्थ पुसला गेला असं म्हणता येत नाही, त्यांना तो मुद्दाम हात घालून वापरता येत नाहीये.

१९८८ साली त्यांनी पुढची पायरी केली, पहिल्या शब्दाचा आवाजच बिघडवला. तो प्रयोग इंग्रजीत होता, मराठीत तसं करायचं तर 'मांजर'च्या जागी 'बांजर' किंवा आणखी लांबचं 'चांजर' म्हणायचं आणि मग 'कुत्रा'. निरोगी माणसांत आवाज जितका जास्त बिघडवला तितका परिणाम कमी होत गेला. ब्रोकाच्या पेशंटांत आवाज जरा जरी बिघडला तरी परिणाम नाहीसा. आणि वेर्निकेच्या पेशंटांत कसाही बिघडवलेला शब्द दिला तरी परिणाम तेवढाच. म्हणजे एकाच्या डोक्यात शब्द जागे व्हायला फार अवघड झालेत, आणि दुसऱ्याच्या डोक्यात जवळपासच्या आवाजाचे सगळेच जागे होतायत, गर्दी होतेय. पेशंट थोडे होते, त्यावर पुढे वाद झाले, पण मला तरी घरात वागायला याचा थेट उपयोग झाला. अण्णांशी बोलताना शब्द पूर्ण आणि स्वच्छ म्हणायचा, तोंडासमोर बसून, एका वेळी एकच गोष्ट, टीव्ही बंद. पुटपुटत, स्वयंपाकघरातून ओरडत बोललं तर त्यांना पोचत नाही. काकूंना नुसते शब्द कितीही स्पष्ट म्हणा, शब्दांच्या गर्दीतून नेमका कुठला हे त्यांना ठरवता येत नाही, त्यांना वस्तू दाखवा, हातवारे करा, बाहेर जायचं असेल तर चपला हातात घेऊन दाखवा. त्यांच्या सुनेला हे सांगितल्यावर तिने तसं सुरू केलं आणि घरातली अर्धी भांडणं कमी झाली असं ती स्वतः म्हणाली.

मोठ्याने बोलून दोघांनाही काही उपयोग नाही. कृपा करून ओरडू नका.

आणखी एक, पहिला आवाज सुचवणं. अण्णा अडकले की मी हळूच 'च' म्हणते आणि पुष्कळदा 'चष्मा' येतो. पण इथेही जपायला लागतं. १९८४ साली इंग्लंडात एका बाईंवर केलेला अभ्यास आहे, त्यांना वाघाचं चित्र दाखवून बरोबर पहिला आवाज दिला की नाव यायचं, पण सिंहाचा पहिला आवाज दिला की त्या 'सिंह' म्हणायच्या, आणि बरेचदा ते त्यांना चालून जायचं. म्हणजे अर्थ होता पण धूसर, जंगली प्राणी इथपर्यंत पक्का, कुठला ते पक्कं नाही. असा पेशंट असेल तर नुसतं आवाज सुचवून शब्द काढून घेण्यात अर्थ नाही, त्याच्यासोबत पट्टे, आयाळ, कुठे राहतो, काय खातो असं अर्थावर काम करावं लागतं. दोन पेशंट, दोघंही वाघाला सिंह म्हणतात, दोघांची थेरपी वेगळी. म्हणूनच माझा आग्रह आहे की नीट तपासणी व्हायला पाहिजे, अर्थ बिघडलाय का आवाज, का दोन्ही.

आणि ही तपासणी मराठीत व्हायला पाहिजे, पेशंटच्या मराठीत. अमेरिकेतली चित्रं ओळखायची एक प्रसिद्ध चाचणी आहे, साठ चित्रांची, त्यात इग्लू म्हणजे बर्फाचं घर आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे, प्रेट्झेल नावाचा खायचा पदार्थ आहे. पाटण तालुक्यातल्या आजीला इग्लूचं नाव आलं नाही तर तो अफेजिया का? तिला सूप, विळी, पाटा, दावं, कासरा दाखवा. आवाजांचं तर त्याहून जास्त. इंग्रजीत ल आणि ळ हा फरकच नाही, आपल्याकडे वेल आणि वेळ, काल आणि काळ, माल आणि माळ सगळे वेगळे शब्द. दार-धार, बात-भात, गोडा-घोडा, पळ-फळ, हे फरक पेशंटला ऐकू येतात का, म्हणता येतात का, हे इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या कागदावर कुठून कळणार. उलट बाजूनेही अन्याय होतो, आमच्याकडे कितीतरी लोक जन्मभर 'पानी', 'लोनी', 'कोन आलंय' असंच म्हणतात, ती त्यांची बोली आहे. पुस्तकी मराठीच्या मापाने ते आजारामुळे झालेल्या चुकांत मोजलं तर सगळं चुकलंच. थेरपिस्टने आधी घरच्यांना विचारलं पाहिजे की हे पूर्वी कसे बोलायचे. आणि मुंबईत तर घरात मराठी, धंद्यात गुजराती, रस्त्यावर हिंदी अशी माणसं आहेत, त्यांच्यात कधी लहानपणची भाषा आधी परत येते, कधी झटका यायच्या वेळी जी जास्त वापरात होती ती. दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातच नोंदवल्या गेल्यात. मग सगळ्या भाषा तपासल्याशिवाय 'सुधारणा नाही' असा शिक्का मारायचा कसा?

थेरपीने फरक पडतो का असं मला कायम विचारतात. पडतो. २०१६ साली जगभरातल्या ५७ चाचण्या, ३००२ पेशंट, एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला त्यात स्पीच थेरपीचा रोजच्या संवादाला फायदा दिसला. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, पण नंतर दार बंद होतं असं नाही, अण्णांना अजून नवीन शब्द येतायत. ओढाताण आहे ती ही की थेरपिस्ट सगळे शहरात. बांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, पुण्यात वाचा-श्रवणाचं शिक्षण देणारं कॉलेज आहे, पण गावातला माणूस उजवा पाय ओढत एसटीने आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणार कसा? फोनवर व्हिडिओ कॉल करून थेरपी होऊ शकते, ती जिल्हा रुग्णालयातून उपलब्ध करून द्यायला काय हरकत आहे.

कायद्याचंही सांगते कारण बहुतेकांना माहीत नसतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता धरलीये, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होत्या. त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगता हा वेगळा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, कायमस्वरूपी असेल तर. आम्हाला एका ठिकाणी सांगण्यात आलं की आता हात चालतो, पाय चालतो, मग सर्टिफिकेट कशाचं मागताय. साहेब, या माणसाला स्वतःचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, बँकेत रक्कम सांगताना पाचच्या जागी सात निघतं, रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही. बाहेरून दिसत नाही म्हणून नाहीच असं कसं म्हणता. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी कायद्यातली ती व्याख्या प्रिंट काढून सोबत न्यावी, आम्ही तेच केलं आणि मग कागद पुढे सरकले.

शेवटी माझ्या मागण्या सरळ आहेत. स्ट्रोकच्या पेशंटला घरी सोडायच्या आधी कोणीतरी शिकलेल्या माणसाने त्याची भाषा तपासावी, बोलणं, ऐकून समजणं, नाव सांगणं, म्हटलेलं परत म्हणणं, वाचणं, लिहिणं, आणि डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहाव्यात की यांना समजतं किती आणि चूक अर्थाची होते का आवाजाची. घरच्यांना त्यावरून कसं बोलायचं ते दहा मिनिटं बसवून सांगावं. आणि बांद्र्याची संस्था, डेक्कन कॉलेजातला भाषाविज्ञानाचा विभाग, जिल्ह्याजिल्ह्यातले थेरपिस्ट यांनी एकत्र बसून वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, आमच्याकडची घाटावरची बोली या सगळ्यांना चालतील अशी चित्रं आणि शब्दयाद्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवाव्यात. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या वाचकांच्या घरी असा पेशंट असेल तर रोजच्या वापरातल्या वस्तूंना तुमच्याकडे काय म्हणतात ती यादी तुम्ही तुमच्या जवळच्या थेरपिस्टला आजच लिहून देऊ शकता, आम्ही अण्णांसाठी दुकानातल्या जिनसांची तशी यादी करून दिली आणि त्यांची थेरपी आता त्याच शब्दांवर चालू आहे.

आपली एक वाचक,
कराड, जि. सातारा